शेवटच्या वळणावरची जागा

रॉदरबी, १२ मार्च १९८६

प्रिय क्लेम,

पत्ता बरोबर आहे की नाही, देव जाणे. माझी बायको हिल्डा गेली तेव्हा तुझ्या नोलाने दोन ओळींचं कार्ड पाठवलं होतं. त्याच्या मागे हा पत्ता होता. खाली 'नोला आणि क्लेम' अशी सही होती, पण दोन्ही नावं नोलाच्याच अक्षरात. तुझं अक्षर मी ओळखतो. कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावरून चालावं, तसं ते दिसतं.

मिल लेनचा आपला मोटारसायकल-शर्यतींचा ट्रॅक गेला, हे सांगायला लिहितो आहे. स्टँडचे पत्रे उतरवले, दिव्यांचे खांब कापले. काल पाहायला गेलो होतो. यंत्राने जमीन उकरली तेव्हा वरच्या लाल खडीखालून आपल्या वेळची काळी राख निघाली. मी वाकून चिमूटभर नाकाशी नेली. हसशील, पण आपल्या इंजिनांतल्या जळलेल्या एरंडेलाचा वास आला रे! यंत्रावरचा पोऱ्या म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, चिरडाल." त्याला काय सांगू? याच जागेवर ब्रेक नसलेल्या गाडीवरून, डाव्या पायाला लोखंडी तळवा बांधून, मी आडवा घसरत वळत असे आणि हजारो लोक खुळखुळे वाजवत माझं नाव घेत. दोन पावलं मागे झालो.

तिथे घरं होणार आहेत. परवा नगरपालिकेच्या प्रोथेरोबाई घरी आल्या. बाई नीटस, चष्मा सोन्याच्या काड्यांचा. म्हणाल्या, "नव्या रस्त्यांना रूक्स संघाच्या जुन्या खेळाडूंची नावं द्यायची ठरलंय. मोठ्या रस्त्याला तुमचं. आणि पाटीवर नावाखाली 'जगज्जेता' असंही लिहिणार."

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

"यात विचार कसला करायचा, मिस्टर गार्साइड? जगज्जेते नाही का तुम्ही?"

बघ क्लेम, किती सोपा प्रश्न. बाईंना मी केक वाढला.

म्हणून तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. त्या संध्याकाळी वेम्बलीला, जगज्जेतेपदाच्या शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या वळणावर, तू पुढे होतास आणि बाहेर सरकलास. मी आतून निघून गेलो. ती जागा मी घेतली, की तू दिलीस? एका शब्दात लिही. घेतली असेल तर पाटी लागेल. दिली असेल तर नाही. ऑक्टोबर संपायच्या आत बाईंना कळवायचं आहे.

तुझा,
विल्फ गार्साइड


रॉदरबी, २० मे

प्रिय क्लेम,

उत्तर नाही. टपाल हरवतं कधीकधी, असं मी स्वतःला सांगतो. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, "ऑस्ट्रेलिया लांब आहे, काका." जणू मला ठाऊकच नाही! तुला घेऊन गेलेली बोट मी कितीतरी वेळा नकाशावर बोटाने चालवली आहे.

हिल्डा गेल्यापासून घर फार नीटनेटकं राहतं. काही हलवायला कुणी नाही ना. सकाळी खुर्ची जिथे ठेवतो तिथेच संध्याकाळी सापडते. एकटा असलो की तोंडाने पुटपुटत बसतो. कविता, अजून काय! तू मला 'कवी' म्हणायचास आणि गाड्या ठाकठीक करायच्या पिटमधले सगळे हसायचे. आठवतं, सुरुवातीच्या फितीसमोर चौघे उभे असायचो, इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि माझे ओठ हलत असायचे? तुला वाटायचं मी प्रार्थना करतो. लॅथमबाईंनी शाळेत पाठ करून घेतलेलं कडवं होतं ते. चार चकरांची शर्यत, चार ओळींचं कडवं. एका चकरेला एक ओळ. घाई नाही, रेंगाळणं नाही.

दूर निघाल्या होड्या सगळ्या, शिडात भरला वारा,
धक्क्यावरती दिवा जळे अन् वाट पाहतो किनारा;
कोण पुढे अन् कोण मागुती, पाणी ठेवी ना खूण,
परतुन येता गाई जो तो अपुली अपुली धून.

बाई फळ्यावर 'कवी अज्ञात' असं लिहायच्या. कितीतरी वर्षांनी कळलं, त्या स्वतःच रचायच्या.

कॅप्टन डॉब्जची दोरी आठवते का तुला? पहिल्याच हिवाळ्यात, आपली जोडी ठरली तेव्हा, त्याने आपल्याला सायकलींवर बसवलं. दोन्ही सायकलींच्या दांड्यांना मधे साधी सुतळी बांधली आणि म्हणाला, "मैदानाला चकरा मारा. सुतळी तुटली तर जेवण नाही." तू म्हणालास, "कॅप्टन, मी यॉर्कशरच्या मेंढराशी लग्न करायला आलो नव्हतो." तो म्हणाला, "लग्नात सुतळी तुटते. इथे तुटायची नाही."

आठवडाभर तुटली. मग नाही तुटली. वसंतात गाड्यांवर बसलो तेव्हा सुतळी नव्हती, पण मला ती दिसत असे. मी आतल्या कडेला, तू बाहेर कुंपणालगत, धुळीत. तू पुढे असलास तर वळणाआधी डाव्या खांद्यावरून एकदा मागे पाहायचास, हातभर बाहेर सरायचास, मी आतून शिरायचो, आणि मागचे दोघे आपल्या दोन चाकांच्या भिंतीमागे अडकायचे. पहिला मी, दुसरा तू. लोक म्हणत, बैलजोडी आहे रे ही. डावा बैल डावाच, उजवा उजवाच.

बाहेरची बाजू तुलाच आवडायची, नाही का? तसं तू कधी म्हणाला नव्हतास, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय. पण तू होतासही तिथे फार सुरेख.

लिही रे. एक शब्द.

विल्फ


रॉदरबी, ३ जुलै

प्रिय क्लेम,

तुझं कार्ड मिळालं. चित्रातला पेलिकन पक्षी छान आहे. मागे लिहिलं आहेस: 'पत्रं पोचली. इथे पाऊस नाही. गुडघा गेला. क्लेम.' हे दहा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, गुडघ्यानंतर आणखी एक वाक्य असेल. कोंबडी आणखी चार पावलं चालली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

असो. तू सांगत नाहीस, तर मी काय पाहिलं ते सांगतो. चुकत असेन तर चूक काढ. चूक काढायला तुला नेहमीच आवडायचं.

शेवटच्या शर्यतीला येईपर्यंत तुझे-माझे गुण सारखे होते. जो पुढे येईल तो जगज्जेता, दुसरा नुसता दुसरा. पिटमध्ये आपण शेजारी शेजारी बसलो होतो. तू मला बिस्किट दिलंस. मी म्हटलं, "आज सुतळी नाही हं." तू म्हणालास, "आज कात्री आहे, कवी." हसलो दोघेही.

फितीसमोर आपण दोघे, स्वीडनचा तो 'स्वीड' आणि चौथा कुणीतरी. फीत उडाली आणि तू माझ्याआधी निघालास. स्वच्छ, सुंदर. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. मी तुझ्या मागच्या चाकाची राख खात होतो आणि मनात एकच चाललं होतं, हा आज हाती लागत नाही. चौथ्या ओळीला, शेवटच्या वळणाच्या तोंडाशी, तू मान वळवलीस. डाव्या खांद्यावरून. तुझ्या गॉगलच्या काचेत दिव्यांची अख्खी रांग चमकली, ती मला अजून दिसते. आणि तू हातभर बाहेर सरलास. मिल लेनवर शंभरदा सरला होतास, अगदी तसाच.

मी आत शिरलो. विचार केला नाही. जागा दिसली की शिरायचं, एवढंच मला येत होतं.

नंतर पिटमध्ये तू म्हणालास, "शाब्बास, कवी." आणि खाली वाकून पायाचा लोखंडी तळवा सोडत बसलास. फार वेळ सोडत होतास. मला लोकांनी उचललं, मोटारीत उभं केलं, मैदानाला चक्कर मारवली.

पेपरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'जोडीदाराने दिलेला मुकुट'. एकाने तर आधीपासून ठरलं होतं असंही सुचवलं. मी वाट पाहत राहिलो की तू काही बोलशील. तू महिनाभरात टिलबरीहून बोटीत बसलास. मला सांगितलं असतंस तर बंदरावर आलो असतो. हिल्डाचं म्हणणं, तू सांगितलं होतंस. त्या संध्याकाळी टाउन हॉलमध्ये माझा सत्कार होता, त्यामुळे कदाचित ऐकलं नसेल मी नीट.

सवय होती का ती, क्लेम? हात आपोआप वळला? की जाणूनबुजून? की मागचं चाक खरंच सुटलं, आणि मी उगाच तुझ्या माथी मोठेपणा मारतो आहे? या तिन्हींतलं कुठलंही चालेल. न चालणारं एकच, हे न कळणं.

विल्फ


रॉदरबी, १४ सप्टेंबर

क्लेम,

काल जुन्या खेळाडूंचा चहा झाला. येतात आता मोजकेच, त्यातले निम्मे कानाला यंत्र लावून. भिंतीवर आपला फोटो होता, मी आत, तू बाहेर, धुळीत तुझा अर्धा चेहरा गायब. एक तरुण जोडपं फोटोपाशी उभं होतं. मुलगी म्हणाली, "हा कोण?" मुलगा म्हणाला, "हा गार्साइड. त्याला नाही का त्या ऑस्ट्रेलियनाने जगज्जेतेपदाची ओवाळणी घातली!" मुलगी हसली. मी दोन हातांवर होतो, हातात सँडविच. त्यांचा दोष नाही. त्यांच्या आजोबांनी त्यांना तसंच सांगितलं असणार.

पूर्वी राग यायचा. काल नुसतं वाटलं, कुणाकडे तरी वळून पाहावं आणि नजरेनेच विचारावं, 'खरं का हे?' असं विचारता येईल असा माणूस आता फक्त तिकडे ऑस्ट्रेलियात, पोर्ट पिरीत आहे, आणि तो पेलिकन पाठवतो.

घरी आलो. लॅथमबाईंचं कडवं म्हणायला घेतलं तर तिसरी ओळ आठवेना. स्वयंपाकघरात उभा राहून पुन्हा पुन्हा सुरुवात करत होतो. म्हातारपणी असं होतं, डॉक्टर म्हणतात. पण त्या ओळीवर तर मी अख्खी तिसरी चक्कर मारत असे!

मी प्रोथेरोबाईंना नाही म्हणून कळवणार आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीला. रस्त्याला फुलाबिलाचं नाव देतील. तिथे राहणाऱ्या पोरांनी रोज शाळेत पत्ता सांगावा आणि त्यातला एक शब्द खोटा असावा, हे बरं नव्हे. तुझ्यावर राग नाही. तुझं मौन हेच उत्तर आहे, एवढं न कळायला मी मूर्ख नाही. देणारा माणूस 'दिलं' असं बोलून दाखवत नाही.

हे शेवटचं पत्र. नोलाला नमस्कार. गुडघ्याला गरम कापड बांधत जा.

विल्फ


रॉदरबी, ९ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

शेवटचं म्हटलं होतं, तरी लिहितो आहे. कालच्या फोननंतर न लिहिणं जमेना.

मी लापशी ढवळत होतो. घंटा वाजली तेव्हा वाटलं, कुणाचा तरी चुकीचा नंबर. माझ्याकडे सकाळी फोन येत नाहीत. आणि मग समुद्राखालून आल्यासारखा तुझा आवाज: "कवी, अजून जिवंत आहेस का मेल्या?"

आवाज तोच रे. थोडा गंज चढलाय, एवढंच. मी काय बोललो ते मला आठवत नाही. माझंच वाक्य तारेतून परत माझ्या कानात येत होतं, आणि तू म्हणालास, "एका वेळी एकाने बोला, गार्साइड. तू आणि तुझा प्रतिध्वनी दोघांशी भांडायला मला वेळ नाही."

मग तू चिडलास. "एवढी वर्षं लागली विचारायला?"

मी म्हटलं, "तूही बोलला नाहीस."

"मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी मलाच सांगितलं. पेपरांनी सांगितलं, बोटीवरच्या स्टुअर्डने सांगितलं, इथल्या पबने तर पहिल्याच दिवशी सांगितलं. विचारायचं तुला होतं, आणि तू मोटारीत उभा राहून हात हलवत होतास."

लापशी करपायला लागली होती.

"आता नीट ऐक," तू म्हणालास. "फोन महाग आहे आणि नोला घड्याळ घेऊन उभी आहे. मी तुला काही दिलंबिलं नाही. मी तुला रोखायलाच निघालो होतो. गाडी सुटली हातातून. तू मला हरवलंस. साफ हरवलंस. लाव तुझी पाटी."

"पण तू मागे पाहिलंस, क्लेम. मान वळवलीस."

मधे ती तारेची सळसळ. मला वाटलं, फोन तुटला. मग तू म्हणालास, "त्या स्वीडला शोधत होतो. माझ्या अंगावर येतोय की काय, म्हणून."

"स्वीडला?"

"हो, स्वीडला! बहिरा झालास का? आणि कुणी पेपरवाला इथे आला ना, तर त्यालाही हेच सांगणार आहे मी. विल्फ गार्साइडने मला हरवलं. लिहून घे, बाबा, आणि जा."

तेवढ्यात मागून नोलाचा आवाज आला. ती तुझ्याशी बोलत होती, पण मला ऐकू आलं. "अरे, मग पबमध्ये इतकी वर्षं काय सांगत आलास? सगळ्या गावाला वाटतं तू मित्रासाठी मुकुट सोडलास. तुला त्यावरच तर बिअर पाजतात!"

"नोला, घड्याळ बघ, घड्याळ!" तू ओरडलास. मग मला म्हणालास, "बायकांना मोटारसायकलीतलं काय कळतं? ठेवतो. गुडघा ओरडतोय." आणि ठेवलास. मी 'सांभाळून राहा' म्हणालो ते तुझ्यापर्यंत पोचलं नसणार. माझ्याच कानात परत आलं ते.

दिवसभर खिडकीशी बसून होतो. क्लेम, त्या स्वीडचं इंजिन दुसऱ्याच चकरेत बंद पडलं होतं. तो आतल्या गवतावर गाडी धरून उभा होता, हातमोजा दाताने ओढून काढत. आपण दोघेही त्याच्या शेजारून गेलो, तिसऱ्या चकरेत आणि चौथ्याही. तू त्याला पाहिलंस, कारण तू हात हलवून त्याला मागे हटायला सांगितलंस. पाठीमागे मी होतो आणि माझ्यामागे खूप लांब तो चौथा कुणीतरी. शोधण्यासारखं कुणीच नव्हतं तुला. मीच होतो.

फोनवर मी हे बोललो नाही. ओठांवर आलं होतं.

कारण त्याच वेळी कळलं, की तू काय करतो आहेस. तुझ्या गावात तू म्हणजे मित्रासाठी जगज्जेतेपद सोडून आलेला माणूस. तेवढ्यावर तुझी म्हातारपणची संध्याकाळ निघते, आणि तू ती एका फोनमध्ये उडवून दिलीस. उद्या पेपरवाला येईल, तू सांगशील, आणि पबमध्ये लोक म्हणतील, अरेच्चा, हा तर साधाच हरला होता. हे सगळं ठाऊक असून तू काल पुन्हा एकदा बाहेर सरलास.

वेम्बलीला मी विचार न करता आत शिरलो होतो. जागा दिसली की शिरायचं, एवढंच येत होतं. काल मात्र बराच वेळ कडेला थांबलो. न शिरता निघून जावं, बाईंना नाही म्हणावं, तुझी पबमधली खुर्ची तुला राहू द्यावी, असंही मनात आलं. मग वाटलं, मोकळी करून दिलेली जागा मी तशीच सोडली, तर तू इतक्या वर्षांनी मान वळवलीस ती कुणासाठी?

आज सकाळी प्रोथेरोबाईंना फोन केला. म्हटलं, "लावा पाटी."

"आणि खाली 'जगज्जेता' लिहायचं ना?" त्या म्हणाल्या. "मागे तुम्हाला थोडी शंका होती असं वाटलं मला. आता खात्री आहे तुमची?"

मी म्हटलं, "माझी नाही, बाई. पण जो हरला त्याची आहे. त्याने स्वतः फोन करून सांगितलंय."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, आणि नावाची अक्षरं एकेक करून लिहून घेऊ लागल्या.

तुझा,
विल्फ